राखण कुसळवाडीची

माझ्या सासूला तीन गावं होती. माहेर माणगोळी, सासर कुसळवाडी, आणि लेक दिलेली बसरहट्टीला. खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला ही तिन्ही गावं बांधाला बांध लावून बसली आहेत, आणि मनुबाई येताना दिसली की तिन्ही गावांतलं कुत्रंसुद्धा भुंकत नसे. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणते. सकाळी माणगोळीत भावाच्या सोप्यात बसून चहा प्यायचा, दुपारी बसरहट्टीत लेकीकडं जाऊन शेजारणींशी कानडीत सुखदुःखाचं बोलायचं, आणि दिवेलागणीला कुसळवाडीत आपल्या चुलीपुढं हजर व्हायचं, असा त्यांचा फेरा. मी बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या बोळात वाढलेली. पायाला भिंगरी लावलेली ही कसली बाई, असं मला लग्नानंतर वाटायचं. तिन्ही गावं मिळून त्यांचं एकच घर आहे, हे कळायला हत्ती यावे लागले.

हत्ती आले ते ऐन सुगीत, भात पिवळं पडल्यावर. दोन माद्या, एक पिल्लू आणि मागं चालणारा एक सुळेवाला टस्कर. वनखात्याची माणसं आली, ठसे बघून गेली, फटाके देऊन गेली. मूठभर माणसांनी एवढं जंगल सांभाळायचं म्हटल्यावर ते तरी काय करणार? मग ज्यानं त्यानं आपलं शिवार राखायला सुरुवात केली, आणि तिथंच घोळ झाला. कुसळवाडीच्या पोरांनी सुतळी बॉम्ब लावून हत्ती हाकलले, ते शिरले माणगोळीच्या भातात. माणगोळीनं ट्रॅक्टरचे दिवे मारून रेटले, ते गेले बसरहट्टीच्या उसात. बसरहट्टीवाले काय हातावर हात ठेवून बसणार? त्यांनी हलगी बडवून ते परत आमच्याकडं लावून दिले. आणि सकाळी तिन्ही गावांच्या पारावर एकच गप्पा, आम्ही हत्ती कसा पळवला! शेजाऱ्याचं वाटोळं करून आलोय, याची कुणाला खंत नव्हती.

माझा नवरा रविराज बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. सुट्टीच्या दिवशी तोही या पोरांत असायचा. एकदा असाच हसत घरी आला तेव्हा आत्या भाकरी थापत होत्या.

"कुनीकडं गेलं रं हत्ती?"

"माणगोळीकडं. लई पळाले बघ आई."

"म्हंजे माझ्या भावाच्या भातात. आनि तितनं हाकलल्यावर?"

रविराज पाय धुवायला मोरीकडं वळला.

"तितनं माझ्या लेकीच्या उसात. तुमी हाकला रं बाबानू, कुनीकडंबी हाकला. जातोय तो माझ्याच घरात."

दुसऱ्या दिवसापासून आत्यांचा फेरा चहापाण्याचा राहिला नाही. तिन्ही गावांनी मिळून एकच राखण करायची, हत्ती हाकलायचे ते फक्त जंगलाकडं, एकमेकांच्या शिवारात नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं. ऐकणारा प्रत्येक जण मान डोलवायचा आणि म्हणायचा, बरोबर हाय, पन आदी त्यास्नी कबूल होऊ दे. हे 'ते' म्हणजे बाकीची दोन गावं.

पहिली बैठक कुठं घ्यायची यावरच पंधरवडा गेला. आमचे पंच मारुतीराव म्हणाले, आमच्या लक्ष्मीच्या देवळात या. माणगोळीचे म्हणाले, आमचं देऊळ मोठं आहे. बसरहट्टीवाले म्हणाले, दोन्हीकडं आम्ही कशाला यायचं, आम्ही काय मागायला आलोय? शेवटी बैठक भरली तिठ्यावरच्या बसथांब्यात, कारण तो कुणाच्याच गावाचा नव्हता. तिथं बाक एकच. त्यावर कोण बसणार म्हणून कुणीच बसलं नाही, सगळी वडीलधारी मंडळी उभ्यानं बोलत राहिली. मधेच बस आली की ड्रायव्हर दार उघडून बघायचा, ही एवढी माणसं चढत का नाहीत म्हणून चिडून हॉर्न मारायचा, आणि चर्चा तिथंच तुटायची.

मी नंदगडला औषधाच्या दुकानात काम करते. संध्याकाळी त्याच थांब्यावर उतरायची, त्यामुळं ही बोलणी मी पुष्कळ ऐकली. राखणीच्या पथकाचा म्होरक्या कोण? कुसळवाडी म्हणायची, आमचे गडी जास्त, मान आमचा. माणगोळी म्हणायची, ट्रॅक्टर आमचा, डिझेल आमचं. बसरहट्टी म्हणायची, जंगलाची वाट आमच्यातनं जाते. मोबाइलवर एक ग्रुप काढायचं ठरलं तर त्याचा ॲडमिन कोण यावर दोघं हमरीतुमरीवर आले. मला हसू यायचं आणि रागही यायचा. आमच्या भागाचं नावच सीमाभाग. जन्मल्यापासून आम्ही सीमेच्या बैठकाच ऐकत आलोय. पण हत्तीला या बैठकीचं बोलावणं नव्हतं, तो रोज रात्री येऊन आपलं काम करून जात होता.

हे सगळं जुळवून आणलं आत्यांनीच. सकाळी भावाला, रवळूला, सांगायच्या, मारुतीराव तुमच्या ट्रॅक्टरचं लई कौतुक करत हुते. संध्याकाळी मारुतीरावांना सांगायच्या, माणगोळी म्हनते म्होरक्या तुमचाच ठेवा. कुणीच कुणाचं कौतुक केलेलं नसायचं. "खोटं का बोलता आत्या?" म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "लगीन जुळवताना न्हाय का पोरगी दोन बोटं उंच सांगत?" तिन्ही गावांचे तीन ॲडमिन झाले, म्होरक्या आठवड्याला बदलायचा ठरला, आणि ज्या गावाचा आठवडा त्याच गावानं जंगलाच्या वाटेच्या तोंडावर ओळ धरायची असं ठरलं.

अडलं ते या वाटेपाशी. हत्ती जंगलात घालायला एकच सोयीची वाट होती. बसरहट्टीच्या वरच्या अंगाला, भावकू आप्पांच्या उसाच्या कडेनं ओढ्यात उतरणारी. वाटेच्या तोंडावर गडी टेंभे घेऊन उभे राहिले तर हत्ती सरळ ओढ्यात जातो. ओळ नसेल तर तो वळतो आणि बसरहट्टीच्या घरांवर येतो. बसरहट्टी तीस-चाळीस उंबऱ्यांची वाडी, एवढे गडी तिथं कुठले? भावकू आप्पा म्हणजे आमच्या नणंदेचे, अक्काताईचे, सासरे. आत्यांचे व्याही. बारीक अंगाचा, कमी बोलणारा म्हातारा. सगळ्या बैठकांत ते खांबाला टेकून नुसते ऐकत होते. त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

"वाट मी देतो. पन दोन गावांचं हत्ती माझ्या दारावरनं न्यायचं. माझी हाक आली तर येनार कोन?"

"आमी हाय की," असं दहा जण एकदम म्हणाले.

आप्पांनी त्या दहांकडं बघितलंसुद्धा नाही. "विहीणबाई, तुमी सांगा. येत्यात का ह्ये?"

आत्या तिठ्यावरनं तडक घरी आल्या, देव्हाऱ्यातला भंडाऱ्याचा करंडा घेतला आणि परत गेल्या. आमच्याकडं बेलभंडारा उचलून शपथ घेतली की पुढं बोलायचं काही उरत नाही. भरल्या बैठकीत मुठीत भंडारा घेऊन त्या म्हणाल्या, "पाव्हणं, ज्या दिवशी राखण कुसळवाडीची, त्या दिवशी कुसळवाडी तुमच्या वाटेवर उभी असंल. ह्यो लक्ष्मीचा भंडारा."

बाईमाणसानं गावाच्या वतीनं भंडारा उचलावा हे मारुतीरावांना रुचलं नव्हतं, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण काम होत होतं, म्हणून ते काही बोलले नाहीत. आप्पांनी मान हलवली. "झालं तर मग," एवढंच म्हणाले.

आणि खरं सांगते, जमलं! पहिल्यांदा हत्ती आले तेव्हा तिन्ही गावांचे गडी एका ओळीत उभे राहिले, माणगोळीच्या ट्रॅक्टरनं मागनं उजेड दिला, आणि तो कळप ओढा ओलांडून जंगलात गेला. सकाळी बसथांब्यावर तिन्ही गावांनी मिळून चिरमुरे-फरसाण खाल्लं. त्या एकुलत्या बाकावर भावकू आप्पा आणि रवळूमामा मांडीला मांडी लावून बसले होते. आत्या चहाची किटली घेऊन फिरत होत्या, तोंडावर लेकीच्या लग्नातला आनंद. मीही त्या दिवशी बस चुकवली. पुढं मळण्या झाल्या, हत्ती दिसेनासे झाले, आणि ओळ धरणाऱ्यांत एकेक गडी कमी होऊ लागला, तरी राखणीचे आठवडे चालू होते.

माघात कुसळवाडीनं लक्ष्मीची यात्रा धरली. कित्येक वर्षांनी यात्रा, म्हणून गाव नुसतं उधाणलं. घराघराला रंग, पै-पाहुण्यांना सांगावे. आणि यात्रा म्हटली की वार आले. यात्रेआधी काही मंगळवार आमचं गाव पाळतं. त्या दिवशी औत जुंपायचं नाही, कोयता-खुरपं धरायचं नाही, गिरणी बंद, कढईत फोडणीसुद्धा नाही. आणि सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत गावातल्या माणसानं शीव ओलांडून बाहेर जायचं नाही. बाहेरनं आत यायला मात्र हरकत नाही. मोडला तर देवी रागावते, गावावर संकट येतं.

पण उद्यमबागेच्या पोरांचं काय? त्यासाठी वाट काढलेली होतीच. उगवायच्या आधी मोटारसायकलला किक मारून शीव ओलांडली की वार मोडत नाही. रविराज तसाच जायचा, मीही त्याच्याच मागं बसून जायची. कंपनीची ड्युटी देवीला चालते, असं सगळं गाव हसत हसत म्हणायचं.

करार करताना या वारांचं कुणालाच सुचलं नव्हतं. आमच्या लोकांना ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. श्वास घेतो हे कुणी पाव्हण्याला सांगतं का? आणि बसरहट्टीचे वार वेगळे, शुक्रवारचे, त्यात शिवेची अट नाही. त्यांना काय स्वप्न पडणार होतं?

सुचलं ते आत्यांनाच, आणि तेही अगदी कडेला आल्यावर. सोमवारी संध्याकाळी पुरणपोळ्यांच्या डाळीचे खडे वेचता वेचता त्यांचा हात थांबला. तशाच उठून मारुतीरावांच्या घरी गेल्या. ते आमचे चुलत सासरे, त्यामुळं आत्या त्यांना भावजी म्हणतात. मी सोबत होते.

"भावजी, उद्या वार हाय. आनि राखण आपली हाय."

"बरं मग?"

"चार गडी उगवतीच्या आदीच बसरहट्टीला धाडूया. दिवसभर तितंच ऱ्हातील. ड्युटीची पोरं न्हाय का जात, तसं."

मारुतीराव मंडपाच्या बांबूंचा हिशेब लावत होते. "आगं, ड्युटी ती ड्युटी. यात्रेच्या तोंडावर असलं नवीन कुनी काढाय सांगितलंय? महिना झाला हत्तीचं नाव न्हाय. उद्याच येतोय व्हय तो?"

"आला तर?"

"बगू," ते म्हणाले.

या 'बगू'नं आमच्या गावात किती कामं मेली असतील त्याला गणती नाही. आत्या घरी आल्या. रविराज उद्यमबागेतनं परतला नव्हता, फोन लागत नव्हता. आणखी दोन घरी विचारून आल्या, तिथंही तेच, पंच म्हनतील तसं. मग डाळीपुढं येऊन बसल्या. त्या रात्री त्यांनी जेवण टाकलं हे मला आठवतं.

मंगळवारी संध्याकाळी नंदगडहून येताना बसमध्ये माझा फोन वाजला. ग्रुपवर युवराजचा, म्हणजे अक्काताईच्या नवऱ्याचा, निरोप होता. हत्ती आलेत, ओढ्याकडं वळवायचेत, कुसळवाडी लवकर या. आमच्या गावातल्या सगळ्यांचे फोन वाजले असणार. कुणीतरी जोडलेले हात टाकले. मग मारुतीरावांच्या नातवानं लिहिलं, 'आज आमचा वार आहे.' बस. माणगोळीकरांनी ते वाचलं की नाही कोण जाणे. राखण आपली नाही म्हणून ते निवांत होते. मी रवळूमामांना फोन लावला, ट्रॅक्टर काढा म्हणून ओरडले. ट्रॅक्टर विटा घेऊन गेला होता, तो येईपर्यंत वेळ लागणार होता.

तिठ्यावर उतरले तर समोरून आत्या येत होत्या. पदर कमरेला खोचलेला, हातात रॉकेलचा जुना डबा आणि एक लाकूड. त्यांच्या मागं, शिवेच्या दगडापलीकडं, आमच्या गावची पन्नासेक माणसं उभी होती. सगळे पंच, सगळे गडी. दगडापलीकडं, कुणीतरी भिंत बांधल्यासारखे. मारुतीराव ओरडत होते, "मनुबाई, मागं फिर! वार मोडतीयास! गावाचं वाटोळं करतीस!" त्यांच्या पायापुढं वीतभर अंतरावर डांबरी रस्ता होता. एवढा राग मला जन्मात कधी आला नसेल. मी ओरडले, "या की! एक पाऊल टाका की!" कुणी माझ्याकडं बघेना. काही पोरांनी माना खाली घातल्या होत्या.

आत्या थांबल्या नाहीत. डबा बडवत चालत राहिल्या आणि मी त्यांच्या मागनं पळत राहिले.

आम्ही पोचलो तेव्हा हत्ती येऊन गेले होते. दोन घरांच्या भिंती बसल्या होत्या. वाटेच्या तोंडावर माणसं गोल करून उभी होती आणि मधे भावकू आप्पांवर घोंगडं घातलेलं होतं. विझलेला टेंभा बाजूला पडला होता. बाया रडत नव्हत्या, ते जास्त वाईट होतं.

युवराज बांधावर बसून जमिनीकडं बघत बोलत होता, कुणाशी ते कळत नव्हतं. "म्या आप्पाला वडत हुतो. म्या सांगितलं, त्यांचा वार हाय, न्हाय येत त्ये. आप्पा म्हनला, वार असला म्हनून काय झालं. येत्यात. थांब जरा. विहीणबाईनं भंडारा उचललाय. लांबनं डबा ऐकू आला, तसा म्हनला, बघ, आली का न्हाय कुसळवाडी. म्हनून तितंच उभा ऱ्हायला."

आत्यांच्या हातातला डबा खाली पडला.

अक्काताई सासऱ्यांच्या उशाशी बसली होती. तिनं वर बघितलं. आधी आईकडं, मग माझ्याकडं, मग आमच्या मागच्या मोकळ्या रस्त्याकडं.

"एकलीच आलीस व्हय गं आई?" ती म्हणाली. त्यानंतर ती आत्यांशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि कुसळवाडी आली. सगळी आली. टोप्या घालून, हार घेऊन, वाटेच्या दोन्ही अंगाला शिस्तीत उभी राहिली. मेलेल्या माणसासाठी एवढी लांब ओळ धरली होती की बघत राहावं. मारुतीराव चार शब्द बोलायला पुढं झाले तेव्हा बसरहट्टीचा एक म्हातारा कानडीत एवढंच म्हणाला, आता पुरे. मग सगळे परत फिरले. संध्याकाळपर्यंत ग्रुपमधून बसरहट्टीचा एकेक माणूस बाहेर पडला. आप्पांची वाट त्यांनी चर खणून आणि काट्या टाकून बंद केली. माणगोळी म्हणाली, असल्यांच्या नादाला कोण लागतो. संपलं पथक.

आमच्या गावाला मात्र वेगळीच काळजी. मनुबाईनं वार मोडला, आता यात्रा सुखरूप कशी पडणार? पंचांनी निरोप धाडला, देवीपुढं नारळ ठेवून चुकलं म्हणायचं, नाहीतर ओटी घेतली जाणार नाही. आत्या पंचांपुढं गेल्या.

"वार मी मोडला. ते देवीचं अन् माझं, मी सांगीन तिला. पन भंडारा कुनी मोडला ते आदी सांगा."

यात्रेच्या दिवशी आत्या नवं लुगडं नेसून, तांदूळ-खण-नारळ घेऊन बायांच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आल्यावर पुजाऱ्यानं नजर पलीकडं टाकली आणि मागच्या बाईची ओटी घेतली. रांग पुढं सरकत राहिली, आत्या भरली ओटी हातात धरून तिथंच उभ्या. मी त्यांना धरून घरी आणलं. घरभर पाहुणे जेवत होते आणि मी मोरीत जाऊन रडले. रविराज पानावरनं उठून गेला तो रात्रीपर्यंत आला नाही.

त्यानंतर आत्यांचा फेरा बंद झाला. बसरहट्टीला जायला तोंड नव्हतं. माणगोळीत भावजय म्हणाली, तुमच्या गावानं असं करायला नको होतं वन्सं, म्हणून तिथंही जाईनात. तीन गावांची ती बाई आमच्या उंबऱ्यावर बसून राहायची. मध्येच मला विचारायची, "प्रिया, म्या डबा वाजवला नसता, तर पाव्हणं पळालं असतं काय गं?" मी म्हणायची, नाही आत्या, तसं काही नाही. खरं काय ते मला ठाऊक नाही. अजूनही नाही.

वळवाच्या दिवसांत हत्ती परत आले, ते थेट कुसळवाडीच्या उसात. फटाके वाजवून हाकलायचे, तर माणगोळी दिवे लावून परत पाठवते, आणि जंगलाची वाट बंद. लागोपाठ ऊस आडवा होत राहिला. मग एका दुपारी मारुतीराव आमच्या दारात आले. यात्रेनंतर पहिल्यांदाच.

"मनुबाई, बसरहट्टीला जाऊन ये बाई. वाट मोकळी कराय सांग. तुझं ऐकत्यात ते."

आत्या आत गेल्या, देव्हाऱ्यातला करंडा आणला आणि झाकण काढून मारुतीरावांपुढं धरला.

"मी जाते भावजी. ह्या बारीला भंडारा तुमी उचला."

मारुतीरावांनी करंड्याकडं बघितलं. हात थोडा पुढं आला, मग धोतराला पुसला, मग मागं गेला. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या, त्यांच्याकडं ते उगीचच बघत राहिले.

"बगू," म्हणाले आणि निघून गेले.

आत्यांनी करंड्याचं झाकण लावलं, तो जागेवर ठेवला. मग पदर खोचला, कोपऱ्यातला डबा घेतला आणि चालू लागल्या. मी हाका मारल्या, कुठं निघालात म्हणून. त्या चालतच राहिल्या. ओढ्याच्या अंगानं, ज्या रस्त्यानं तेव्हा गेलो होतो त्याच रस्त्यानं. मी मागनं.

उन्हं उतरली होती. चर खणलेल्या वाटेच्या तोंडावर युवराज एकटाच बसला होता, आप्पा उभे होते तिथंच. आम्हाला बघून तो उठला नाही.

"वाट मागाय आलासा मामी?" त्यानं सासूला विचारलं. आवाजात राग होता, पण दमलेला.

"न्हाय रं."

"मग?"

आत्यांनी डबा खाली ठेवला. "आज राखण कुसळवाडीची हाय," त्या म्हणाल्या.

युवराज या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. बांधावर थोडा सरकला, आणि आत्या त्याच्या शेजारी बसल्या.